व्याह्यांचा कडा

सौद्यात मला हरवणारा सोलापूर जिल्ह्यात एकच माणूस जन्माला आला, आणि नेमक्या त्याच्याच घरी मी माझी मुलगी दिली. मंद्रूपच्या पुढे माळावर माझी दगडाची खाण आणि खडीचा क्रशर आहे. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली आणि इथवर येताना टायरवाले, डिझेलवाले, ठेकेदार, सगळ्यांना घाम फोडला. माझा आवाज क्रशरच्या वर ऐकू जातो असं लोक म्हणतात, ते खरं आहे. पण व्याह्यांपुढे तो काढता येत नाही. मुलगी दिलेल्या घरच्या माणसावर ओरडायचं नसतं. हा नियम ज्याने केला, त्याला असे व्याही मिळालेले नसणार.

शुक्रवार पेठेत त्यांचं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान आहे. ज्याला गोंगाट अजिबात खपत नाही असा हा माणूस पोटासाठी गोंगाट भाड्याने देतो. आवाजाचं बटण आपल्या मनाच्या खुणेपर्यंत फिरवून त्यावर ते एम-सील थापून टाकतात. एका मंडळाची पोरं काकुळतीला आली होती, "काका, वाढवा की जरा, पलीकडचा लई घुमतोय." तर म्हणाले, "देवाला ऐकू येतंय. तुमाला येत नसंल तर कानाचा डॉक्टर वळखीचा हाय." स्वतःच्या स्कूटरचा हॉर्न त्यांनी काढून ठेवलाय. गर्दीत गाडी पायाने ढकलत पुढे जातात आणि आडव्या आलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावतात. माणूस वळून बघतो, हे हसतात, वाट मिळते. मी सोलापुरात इतकी वर्षं हॉर्न बडवतोय, मला अशी वाट कधी मिळाली नाही.

दुसरं वेड पाखरांचं. त्यांच्या हॉलमधल्या पंख्याच्या वाटीत चिमणीने घर केलं, तर ऐन चैत्रात पंखा बंद. मुलीचा फोन आला, "पप्पा, हितं सगळे पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेत." माझं डोकं फिरलं. तसाच उठलो आणि नवा कूलर घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. व्याही दोन्ही हात जोडून म्हणाले, "लई उपकार झाले पाव्हणं. मागच्या खोलीत लावा. हितं त्याच्या आवाजानं पिल्लं भ्यायची." मग मीही त्यांच्या शेजारी बसून पुठ्ठा हलवला. जेवण मात्र चांगलं होतं.

ह्या माणसाने मला बांधून टाकलं ते लग्नाच्या बैठकीत. याद्या करायला बसताना मी पूर्ण तयारीनिशी गेलो होतो. ते काय मागतील आणि मी कुठे अडेन, सगळं ठरलेलं. ते म्हणाले, "मला काही नको. पुढंमागं एक वस्तू मागंन, तवा न्हाय म्हणू नका." मी दुसरा शब्द निघायच्या आत सुपारी फोडायला लावली. परतताना गाडीत हसत होतो. बायको म्हणाली, "काय मागणार ते इचारलं का?" म्हटलं, "एम-सील लावणारा माणूस हाय. मागून मागून काय मागंल?" कोऱ्या कागदावर सही करू नये हे मी अख्ख्या तालुक्याला शिकवलं आणि स्वतः मात्र त्या दिवशी करून आलो.

त्यानंतर ते रविवारचे खाणीवर येऊ लागले. खाणीची जुनी बाजू मी बरीच वर्षं सोडून दिली होती. तिथल्या उभ्या कड्यावर शृंगी घुबडाची जोडी राहते. मांजराएवढं धूड, डोक्यावर शिंगांसारखी पिसं, डोळे नारिंगी. माझी माणसं त्याला अपशकुनी म्हणून तिकडे फिरकत नाहीत. व्याही मात्र दगडावर बसून त्याची वाट बघायचे, आणि संध्याकाळी ते "बूऽऊ" असं खोल घुमलं की डोळे मिटून घ्यायचे. लाउडस्पीकरवाला म्हणून सांगायचे, "असला आवाज कुठल्याच डब्यातनं निघत न्हाय."

पण सगळ्यात चांगला काळा दगड त्याच कड्यात होता. खाण वाढवायची तर आधी गावासमोर जनसुनावणी घ्यावी लागते. मी शहरातल्या एका सल्लागाराकडून पर्यावरणाचा अहवाल करून घेतला आणि मंडप घातला. स्पीकर अर्थातच व्याह्यांचा, घरचा म्हणून भाडंही पाडून घेतलेलं. सुनावणीला आलेल्या सरकारी साहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?" अर्धं गाव माझ्याच गाड्यांवर कामाला, कोण बोलणार? तेवढ्यात वायर सारखी करत असलेले व्याही माइकसमोर उभे राहिले. अहवाल उघडून म्हणाले, "ह्यात लिवलंय, खाणीजवळ खारफुटी हाय. साहेब, हितं प्यायला पाणी न्हाय, खारफुटी कुटली?" मंडप हसला. सल्लागाराने कोकणातला कुठलातरी अहवाल उतरवला होता. मग त्यांनी घुबडाचं सांगितलं. ते घरटं बांधत नाही, उघड्या दगडावरच अंडी घालतं. जवळ सुरुंग उडाला की जोडी अंडी सोडून जाते. ह्यातलं अहवालात काही नव्हतं.

मी ताडकन उठलो. म्हटलं, "हितं सपाट माळ होता. मी खाण खणली म्हणून त्याला कडा मिळाला."

"खरं हाय," व्याही माइकवर म्हणाले. "घर तुमीच दिलंय. दिल्यालं घर कुणी माघारी घेतं व्हय पाव्हणं?" आणि मग शांतपणे, "लग्नात एक वस्तू मागायची राहिली हुती. तो कडा द्या."

लग्नाला जेवलेली सगळी माणसं समोर बसलेली. साहेबांशी मी वर्षभर भांडलो असतो, पण व्याह्यांना दिलेल्या शब्दाशी कसा भांडणार? कसाबसा म्हणालो, "दिला."

"जरा मोठ्यानं," व्याही म्हणाले. "साहेबांना ऐकू येईना." आवाज वाढव असं मला उभ्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मंजुरीत अट आली: कड्याला हात लावायचा नाही आणि विणीच्या हंगामात त्या बाजूला सुरुंग नाही. ती मी पाळतो. पण बांधापलीकडच्या खाणीला असली अट नाही. तिथे हंगामातही सुरुंग उडतात आणि माझी गिऱ्हाइकं तिकडून दगड नेतात. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "तो वेगळा प्रस्ताव आहे." घुबडाला गट नंबर वाचता येतो असं सरकारला वाटतं की काय कोण जाणे. हा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

अलीकडे व्याह्यांचे कान गेले. इतकी वर्षं स्पीकरच्या डब्यांशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? घरात आता त्यांना फक्त माझा आवाज ऐकू येतो. तरी ते रविवारी येतात आणि आम्ही दोघं कड्यासमोर बसतो. सुरुवातीला घुबड घुमलं की मी ओरडून सांगायचो, "बोललं!" आणि घुबड गप्प व्हायचं. म्हणून आता ते बोललं की मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवतो. ते डोळे मिटून घेतात.

गेल्या रविवारी दिवसभर पलीकडे सुरुंग उडत होते. सूर्य बुडाला, कडा काळा झाला, तरी एकही आवाज नाही. व्याही कड्याकडे बघत नव्हते. माझ्या हाताकडे बघत होते. माल भरल्याशिवाय मी आजवर कुणाला पावती दिलेली नाही. तरी हात उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.