आप्पांच्या रेकॉर्डींना रिठ्याची अंघोळ

आमच्या घरात देव चिंचेनं घासले जायचे आणि रेकॉर्डी रिठ्यानं. देवांची अंघोळ कधीमधी चुकायची, कारण ती आईकडे होती आणि आईला शंभर कामं. रेकॉर्डींचा रविवार मात्र कधी चुकला नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून होते. घर वखारीच्या मागच्याच गल्लीत. हंगामात तंबाखूची भुकटी अशी उडायची की पाहुणा आधी शिंकायचा आणि मग रामराम करायचा. ती भुकटी रेकॉर्डीच्या रेघांत बसते आणि गाण्याचा सत्यानाश करते, असं आप्पा म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. रविवारी सकाळी ते अंगणात पाट टाकून बसत. रिठ्याचं गार पाणी, आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. हात रेघांच्या वळणानं फिरवायचा, आडवा नाही. मग सावलीत उभ्या करून ठेवायच्या. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, बायकोनंही नाही. रेकॉर्डी तरी किती, एक ट्रंकभर. अभंग, लावण्या, नाटकातली पदं, आणि आम्ही पडलो सीमेवरची माणसं, म्हणून कानडी वचनंही. वचनं म्हणजे तिकडचे अभंगच म्हणा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी बेळगावला कॉलेजात होते. संक्रांतीला घरी आले, तर आप्पा भर मंगळवारी रेकॉर्डी धुवायला बसलेले. का, तर आवाज दबलाय, घाण लई खोल गेलीय. मला दाखवायला म्हणून त्यांनी एक लावलीसुद्धा. गाणं कसं खणखणीत वाजत होतं! मी तोंडाची फटकळ, बोलणारच होते, तेवढ्यात आईनं माझ्या पायावर असा पाय दिला की डोळ्यांत पाणी आलं.

स्वयंपाकघरात गेल्यावर ती हळूच म्हणाली, "रेकॉर्डी न्हाईत दबल्या. त्यांचा कान दबलाय."

मग सांगून टाक की, मी म्हटलं. तर आईचं म्हणणं, सांगितलं की हा माणूस ट्रंकेला कुलूप घालील आणि जन्मभर गप्प बसेल. यात तथ्य होतं. दाढा पडल्या तेव्हा आप्पांनी ऊस कायमचा सोडला, वर आपल्याला तो कधी आवडतच नव्हता असं गल्लीभर सांगत हिंडले. गाण्याचंही तसंच केलं असतं. गाणं बंद झालं की आप्पांचं बोलणं, हसणं सगळंच बंद, आणि मुलगी बेळगावात. त्या घरात आईला मुक्या माणसाबरोबर दिवस काढायचे नव्हते. म्हणून ती रोज त्यांच्या हो ला हो म्हणत होती, व्हय, लई धूळ हाय. मला तिचा रागही आला आणि कीवही आली.

नुसत्या धुण्यानं भागत नाही म्हटल्यावर आप्पांनी पुढची पायरी गाठली. सगळ्या रेकॉर्डी रातभर घंगाळात भिजत घातल्या, हरभरे घालावेत तशा. सकाळी पाहतो तर रेकॉर्डींच्या मधले नावांचे गोल कागद सुटून पाण्यावर तरंगतायत. हातात धरला की लगदा. राहिल्या त्या सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. ओळखायचं कसं?

"कानानं," आप्पा म्हणाले.

त्यांनी सुई टेकवायची, मान तिरकी करून नाव सांगायचं, मी चिठ्ठी लिहायची आणि आईनं ती खळीनं चिकटवायची, असं सुरू झालं. बऱ्याचशा त्यांनी चरे बघूनच बरोबर सांगितल्या. मग एक अस्सल लावणी लागली आणि आप्पा डोळे मिटून म्हणाले, कानडी वचन. माझा हात थांबला. आईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, लिही की. मी दात-ओठ खात लिहिलं.

त्याच आठवड्यात आईचं हळदी-कुंकू होतं. एरवी पुरुषमाणसं अशा वेळी कट्ट्यावर जाऊन बसतात, पण रेकॉर्ड लावायला दुसऱ्या कुणाला मुभा नाही म्हटल्यावर आप्पा बायकांच्या घोळक्यात उभे. शेजारच्या कानडी काकू वाण घेऊन बसल्या होत्या. आप्पांनी खास त्यांच्यासाठी कानडीत जाहीर केलं की आता तुमचं वचन, आणि सुई टेकवून हात जोडले, डोळे मिटले.

ढोलकी कडाडली. बायकांचे पदर तोंडाला गेले. आता कुणी फिस्सकन हसलं की संपलं. तेवढ्यात त्या काकूंनी डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले आणि मान डोलवायला लागल्या. त्यांचं बघून एकेक करून सगळ्यांनी हात जोडले. लावणीतली बाई शालू मागतेय, सख्याला डोळा घालतेय, आणि आमची अख्खी बैठक कीर्तनाला बसल्यासारखी. संपल्यावर काकू गंभीरपणे म्हणाल्या, "भाळ चलो ऐत्री, अण्णा." फार छान, दादा.

पण आप्पांनी मधे एकदा डोळे उघडले होते. कुणाची तरी चार वर्षांची पोर उठून कमरेवर हात ठेवून नाचत होती. वचनावर कुणी अशी कंबर हलवत नाही.

बायका गेल्यावर त्यांनी आईला विचारलं, "खरं सांग. काय वाजत हुतं?"

आईनं भांडी खाली ठेवली. "लावणी."

"आणि काकू हात जोडून बसल्या हुत्या?"

"शेवटपतूर."

आप्पांना हसू फुटलं. इतके हसले की पाटावर बसावं लागलं. मग हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ ती रेकॉर्ड त्यांनी मांडीवर फिरवत धरली.

"म्हंजे रेकॉर्डी सोच्छ हायत," ते म्हणाले. "कान गेलाय."

"जाऊ दे की," आई म्हणाली. "मी हाय न्हवं?"

आणि तिनं त्यांच्या मांडीवरची रेकॉर्ड उचलली, लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि स्वतःच्या हातानं लावली. मग त्यांच्या कानाला तोंड लावून एकेक ओळ ओरडून सांगू लागली, शालूची, सख्याची, डोळा घालायची. माझी आई, जी चारचौघांत नवऱ्याचं नावसुद्धा घेत नसे. आप्पा लाजेनं लालबुंद झाले आणि म्हणाले, पुन्हा सांग, नीट ऐकू आलं न्हाय.