सात नंबरची नववी फेरी

शहराबाहेरचा आमचा रेसिंग ट्रॅक आता मोडणार आहे. तिथे प्लॉट पडायचेत. त्याआधी ट्रॅकचा इतिहास लिहून ठेवायचं क्लबातल्या पोरापोरींनी ठरवलं, आणि जुन्या शर्यतींचं पान माझ्या नातीने माझ्यापुढे सरकवलं. "आजी, तुझ्याशिवाय कुणाला आठवतंय?" ह्यांना जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. भाजीत मीठ नाही, हेसुद्धा नात सांगायची तेव्हा कळायचं. म्हटलं, दे.

इतिहास सोपा आहे. मुळात ती पडीक हवाईपट्टी. हे आणि ह्यांचे मित्र, दोघेही नागपूरहून कचेरीबरोबर भोपाळला आलेले इंजिनिअर. रविवारी तिथे गाड्या पळवायला लागले. मग पिंपं मांडून वळणं आखली. करोंदच्या मंडीतून भुशाची पोती आणून वळणावळणावर रचली. लांब सरळ पट्टा, त्याच्या टोकाला दुमडलेल्या हातासारखं वळण, त्याचं नाव कोपर. पुढे बाभळीपाशी खोलगट जागा, तिथे गाडी क्षणभर दिसेनाशी व्हायची. दुपारी कोपरावर ऊन थेट डोळ्यांत जायचं, म्हणून पुढे फेऱ्यांची दिशाच उलटी केली. डांबर, टायरचे कठडे, गाडीला चिकटवलेली मोजणीची यंत्रं, हे सगळं नंतरचं. आमच्या वेळी यंत्र म्हणजे बायका.

मांडवात आम्ही रांगेने बसायचो. प्रत्येकीकडे एक गाडी. ती समोरून गेली की कागदावर एक रेघ. नियम एकच, नवऱ्याची गाडी बायकोकडे नाही.

मला सात नंबर मिळाला, म्हणजे ह्यांचे तेच मित्र, आमचे भावजी. त्या वेळची मी काय वर्णावी! कडक इस्त्रीची साडी, जवाहर चौकातून घेतलेला भलामोठा गॉगल, आणि आव असा की राज्याचा कारभार माझ्या पेन्सिलीवर चाललाय. कचेरीत मी तक्ते करायचे. त्यात चूक सापडत नाही, असं साहेब एकदा म्हणाले होते. ते मी भाजीवाल्यालाही ऐकवलं होतं.

वीस फेऱ्यांची शर्यत. सात नंबर पुढे, हे मागे. अशात ह्यांची गाडी कोपरावर पोत्यांत घुसली. मी ताडकन उभी राहिले, ती भुशाच्या ढगातून गाडी बाहेर येईपर्यंत उभीच. खाली बसून बघते तर कागदावर आठ रेघा. सात नंबर मधल्या वेळात समोरून गेला असणार, हे लहान मुलालाही कळलं असतं. पण न बघता रेघ मारणं माझ्या शिस्तीत बसेना. नाही मारली. काय ती शिस्त!

सात नंबरने विसावी फेरी संपवली, तेव्हा माझा कागद म्हणत होता एकोणीस. झेंडा हलला नाही, म्हणून भावजी आणखी एका फेरीला गेले. मागून हे आले, त्यांच्यासाठी हलला. भावजी हेल्मेट काखेत मारून तणतणत मांडवात आले. "मी एक फेरी जास्त मारलीय!"

मुख्य पंचांनी मला विचारलं, "बाई, नक्की?"

मी गॉगल वर केला. "नक्की. मी पापणीसुद्धा हलवली नाही."

शर्यत ह्यांच्या नावावर लागली. भावजींनी पुढच्याच महिन्यात रेसिंग सोडलं. मैत्री मात्र राहिली, चाळीसेक वर्षं, ह्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

आता ते पान भरायचं होतं. पेन उघडलं, बंद केलं. मग ऑटो केली आणि अरेरा कॉलनीत भावजींकडे गेले.

ते गॅलरीत चहात टोस्ट बुडवत बसले होते. "या वहिनी. आज एकट्याच?"

"भावजी, त्या शर्यतीत तुमची नववी फेरी मी मांडलीच नव्हती."

"काय?" त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं. "जोरात बोला."

पाप एकदाच सांगायचं म्हणून गेले होते. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली. भावजींचा टोस्ट चहात विरघळून गेला होता.

"म्हणजे एकवीस झाल्या."

"हो."

"मी तेच सांगत होतो."

"हो."

"वहिनी, मला वाटलं माझंच डोकं फिरलं. गाडीत बसलं की ज्याला मोजता येत नाही, तो उद्या कुणाला तरी उडवेल. म्हणून सोडलं हो."

हे मला माहीत नव्हतं. मी समजत होते, रुसून सोडलं.

"त्याला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी नको नको म्हणताना ताटात पोळ्या वाढल्यात. एवढं एक वाक्य वाढता आलं नाही?"

"नाही आलं."

"लिहा आता."

माफ केलं का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

घरी येऊन लिहिलं. पहिले भावजी, दुसरे हे. नातीने वाचलं. "आजी, यार! आजोबांना हरवलंस?"

"हरलेच होते ते."

"तुला काहीच वाटत नाही?"

मी ह्यांचं नाव पुन्हा वाचलं. अक्षर सरळ आलं होतं. "अजून नाही," म्हटलं, आणि पान तिच्या हातात दिलं.