रविवारचा कब्जा

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक, आइस्क्रीमचे रिकामे डबे. आणि दुसरी, किस्से. डबे निदान ठरलेल्या वारी कचऱ्यात टाकता तरी येतात. किश्श्यांसाठी आमच्या टोकियोच्या निशी-कसाईत कुठलाच वार नाही! म्हणून म्हटलं, तुमच्याकडेच टाकून मोकळं व्हावं.

हे सगळे किस्से आमच्या वादमंडळाचे. दर रविवारी दुपारी जमायचं आणि भांडायचं, एवढाच कार्यक्रम. विषयही वर्षानुवर्षं एकच: बंडखोर बंड का करतात, आणि परक्या सत्तेनं कधी कुणाचं भलं झालंय का. पहिल्या रविवारी अफगाणिस्तानवरून जी जुंपली ती अजून मिटलेली नाही, त्यामुळे विषय बदलायची वेळच आली नाही.

बापट म्हणजे पुण्याचे, पन्नाशीचे, प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांचं म्हणणं, "बाहेरच्यानं येऊन शिस्त लावली तर बिघडलं कुठे? हा देशच बघा! युद्ध हरले, अमेरिकन आले, काही वर्षं राहिले, नीट निघून गेले. आणि आज बघा!"

त्यावर आमचा जाधव उसळतो. हा कराडचा, इथल्या युनिव्हर्सिटीत बॅटरीवर संशोधन करतो, पण जीव सगळा बंडखोरांत. "बापट, शिस्त यांच्याकडे आधीपासून होती हो! कचरा वेगळा करायला काय अमेरिकनांनी शिकवलं? आणि मग इराकमध्ये का नाही उगवली ही शिस्त? माणूस डोंगरात का जातो ते आधी बघा!"

मधे मीनल. इतिहासात एम.ए., इथल्या इंडियन शाळेत शिकवते, आमची मॉडरेटर. फार झालं की टेबलावर लाकडी डाव आपटते. आणि मी ब्रिज इंजिनिअर, म्हणजे जपानी क्लायंट आणि पुण्याची टीम एकमेकांना काय म्हणाले नाहीत ते सांगणारी.

*

सुरुवातीला आम्ही बापटांच्या घरी जमायचो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, भिंती पापडासारख्या.

एका रविवारी बेल वाजली. दारात दोन पोलीस! खालच्या आजींनी फोन केला होता, वरच्या घरात दर रविवारी भयंकर भांडण होतं, कुणीतरी टेबलावर काहीतरी आपटतं.

पोलिसांनी नम्रपणे विचारलं, "यातले नवरा-बायको कोण?" बापट आणि वंदनावहिनींनी हात वर केले. "आणि भांडण कोणाचं?" बापट आणि जाधवनं हात वर केले. पोलीस चक्रावले.

मग मी पुढे झाले. म्हटलं, "भांडण नाही, चर्चा आहे. परदेशी फौजेनं अफगाणिस्तानात राहायला हवं होतं की नाही, यावर."

तरुण पोलिसानं ते सगळं लिहून घेतलं. वाचून दाखवलं. निघताना बूट घालता घालता थांबला आणि म्हणाला, "माफ करा, पण रिपोर्टमध्ये शेवट लागतो. काय ठरलं?"

*

पोलीस गेल्यावर वंदनावहिनींनी ठरवलं. "माझ्या घरात यापुढे एकही देश मुक्त होणार नाही!"

आता आली का पंचाईत! बाकी सगळ्यांच्या भिंती याहून पातळ. जागा मिळाली नाही तर मंडळ बंद. हसू नका. आठवडाभर ऑफिसात बोटभर आवाजात "हो-सान, बघतो-सान, माफ करा-सान" करून झाल्यावर आठवड्यातून एकदा मराठीत तोंड भरून भांडायला मिळणं हे आमचं टॉनिक होतं. ते बंद झालं असतं तर जाधव कराडला परत गेला असता. तसं तो बोललाही होता, आणि तेव्हा तो चेष्टा करत नव्हता.

मग कळलं, वॉर्डाच्या कम्युनिटी हॉलमध्ये पहिल्या मजल्यावर एक खोली आहे, जाड भिंतींची. बुकिंग नुकतंच ऑनलाइन झालं होतं. महिन्याच्या एक तारखेला सकाळी साइट उघडणार, जो आधी क्लिक करेल त्याची खोली. बापटांनी आदल्या दिवशी बसून एक प्रोग्रॅम लिहिला. साइट उघडली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळे रविवार आमचे!

"बघा," बापट म्हणाले, "एक गोळी झाडावी लागली नाही."

*

खोली मिळाल्यावर उत्साह वाढला. मीनलनं नियम काढला, चिठ्ठ्या टाकायच्या आणि आपल्या मताच्या विरुद्ध बाजूनं बोलायचं. बापटांना बंडखोर आला.

हा मनुष्य काय सुंदर बोलला म्हणून सांगू! तोंडाला मफलर, हात हवेत. "नियम ज्यांनी केले त्यांनी आम्हाला विचारलं होतं का?" जाधवच्या डोळ्यांत पाणी! आणि बापट? गडी आपल्याच भाषणानं इतका भारला गेला की बुधवारी सकाळी प्लास्टिकची बाटली झाकणासकट, लेबलसकट, न विसळता टाकून आला. टोकियोत! वर येऊन वहिनींना म्हणाला, "आज मी डोंगरात गेलो."

पुढच्या रविवारी जाधवनं भक्तिभावानं विचारलं, "मग? किती वेळ टिकला उठाव?"

वहिनींनी उत्तर दिलं. "अर्धा कप चहा. मग खाली जाऊन बाटली काढून आणली, विसळली, झाकण वेगळं केलं, आणि दिवसभर कुणी बघितलं का म्हणून खिडकीत उभे!"

*

मीनलच्या सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. घरात एकट्या काय करणार म्हणून मीनल त्यांना मंडळात घेऊन आली. त्या कोपऱ्यात स्वेटर विणत बसल्या.

त्या दिवशी बापट रंगात होते. "परकी सत्ता मुळात मदत करायच्या हेतूनंच येते. लोकांना ते कळायला वेळ लागतो, इतकंच."

सासूबाई सुया न थांबवता म्हणाल्या, "अगदी खरं. मीही आल्या आल्या मीनलचे डबे नीट लावून दिले. डाळी खाली, मसाले वर."

"बघा!" बापट.

"आणि दुपारी माझा डोळा लागला की ही ते परत होते तसे लावते."

मीनलच्या हातातला डाव हातातच राहिला. बिचारीला वाटत होतं, कुणाला पत्ता नाही! जाधव तर जागेवरून उठलाच. "काकू, मग तुम्ही काही बोलत का नाही?"

"काय बोलायचं? माझ्या सासूबाईंचे डबे मी तेवीस वर्षं हलवले. त्यांनाही ठाऊक होतं."

*

आता खोलीविषयी. खोली चांगली होती, पण विचित्र.

एसीचा रिमोट कधी जागेवर नसायचा. एकदा तो फडताळाच्या माथ्यावर मिळाला, एकदा फुलदाणीत! खुर्च्या कधी सगळ्या भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या. दाराशी पाहुण्यांच्या सपाता असतात, त्या एका रविवारी सगळ्या लहान मुलांच्या. जाधव टाचा बाहेर काढून दोन तास बोलला. विषय, "बंडखोर सुरुवातीला मोठी लढाई करत नाही, तो रोजचं जगणं अवघड करून ठेवतो." बोलताना उकडत होतं म्हणून तो रिमोटही शोधत होता!

"जपानी सिस्टीम आहे," बापट म्हणायचे. "काहीतरी कारण असणार. आपल्याला कळत नाही."

एकदा जाधव निघताना म्हणाला, "भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे. आपण दहा मिनिटं लवकर निघतोय." आमचे फोन चर्चेच्या वेळी टोपलीत जमा असतात, नाहीतर जाधव वाक्यावाक्याला गुगल करतो. त्यामुळे घड्याळ भिंतीवरचंच.

बापटांनी त्याच्याकडे दयेनं बघितलं. "जाधव, जपानमधलं घड्याळ, तेही सरकारी, ते चुकेल? तुझा फोन दुरुस्तीला टाक."

आम्हा सगळ्यांना ते पटलं! मीनलनंही मान डोलावली. आम्ही कितीतरी रविवार शहाण्यासारखे दहा मिनिटं लवकर खोली रिकामी करत राहिलो, काउंटरवरच्या मोरी-सानना किल्ली देत राहिलो, आणि त्याही दोन्ही हातांनी ती घेऊन खाली वाकत राहिल्या.

*

मग एका रविवारी मी चिवड्याचा डबा विसरले.

परत वर गेले तर जिन्यातच सूर ऐकू आले. हार्मोनिका! एक नाही, दहा-बारा. दाराबाहेर विणलेली टोपी घातलेली एक आजी पहाऱ्याला उभी. मला बघताच ती जोरात खोकली. आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी दार उघडलं. डझनभर आजी-आजोबा रांगेत उभे राहून अत्यंत गंभीरपणे हात वर, हात खाली, असा व्यायाम करत होते! एकाच्या खिशातून हार्मोनिका अर्धी बाहेर आलेली.

मी डबा उचलला, त्या सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि सरळ मोरी-सानना गाठलं. त्या लाल झाल्या, गोऱ्यामोऱ्या झाल्या, आणि मग सांगून टाकलं. रविवार दुपार म्हणजे हार्मोनिका क्लबची, अगदी पहिल्यापासून. क्लबचे प्रमुख इशिई-सान एक तारखेला काउंटरवर येऊन नाव सांगायचे. मग ऑनलाइन सुरू झालं. इशिई-सान येतात तोवर सगळे रविवार गेलेले असतात.

"त्यांनी तक्रार नाही केली?"

"छे छे! ते म्हणाले, परदेशी लोक आहेत, काहीतरी कारण असणार. आपल्याला कळत नाही."

*

तातडीची सभा! त्याच खोलीत, कारण दुसरी होती कुठे? मी सगळं सांगितलं: घड्याळ क्लबनं पुढे केलेलं, आणि आपण लवकर दिलेली किल्ली मोरी-सान त्यांनाच देत होत्या, हेही. पहिला जाधव बोलला.

"बापट, त्या मोरी-सान फितूर!"

मग मीनलनं डाव आपटला आणि प्रश्न टाकला. खोली सोडायची का? मला वाटलं, बापट अडून बसणार आणि जाधव आत्ता, या क्षणी बाहेर पडू म्हणणार.

"घाईघाईनं माघार घेणं बेजबाबदारपणाचं ठरेल," जाधव म्हणाला. जाधव! "पोकळी निर्माण होते. ती कोण भरेल याचा विचार केलाय का?"

"हार्मोनिका क्लब," मी म्हटलं.

"त्यांची तयारी आहे का? ऑनलाइन बुकिंग येतं का त्यांना? आपण टप्प्याटप्प्यानं निघू. आधी त्यांना ट्रेनिंग देऊ."

मीनल हळूच म्हणाली, "आणि आपण इथे केलेला विकास?" विकास म्हणजे एक एक्स्टेंशन बोर्ड आणि चहाची किटली.

बापट मात्र उठले. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग वळले आणि म्हणाले, "मी तो प्रोग्रॅम लिहिला तेव्हा खोलीत आधी कोण बसतं असा विचारसुद्धा माझ्या डोक्यात आला नव्हता. पुढच्या रविवारी निघायचं. सगळ्यांनी."

"आणि मंडळाचं काय?" जाधवचा आवाज खरोखर बारीक झाला होता. सासूबाईंचा व्हिसा संपला होता, त्या असत्या तर त्यांनी त्याला जवळ बसवलं असतं. मला त्याची फार दया आली. मीनलनं मतं मागितली. हात वर झाले, जाधवचा सगळ्यात शेवटी.

*

पुढचा रविवार. इथे माफी मागायची म्हणजे खोका लागतो आणि सूट लागतो. बापट काळ्या सुटात, हातात पेढ्यांचा खोका. जाधवनं टाय लावलेला, तो पीएचडीच्या मुलाखतीनंतर पहिल्यांदा. मोरी-साननी क्लबच्या सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं. समोर इशिई-सान, ताठ, पांढरेशुभ्र केस, आणि मागे तो अख्खा डझनभर. आता डझनाहून जास्तच दिसत होते, काहींना उभं राहायला जागा नव्हती.

बापट कमरेतून वाकले. मी भाषांतर केलं. आमची चूक झाली, तुमची खोली तुम्हाला परत, आजपासून सगळे रविवार तुमचे.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. उलट मागे कुजबुज सुरू झाली. इशिई-सान अवघडले. मग त्यांनी दातांच्या फटीतून लांब श्वास आत ओढला. हा आवाज इथे आला की समजायचं, उत्तर 'नाही' असं आहे.

"बापट-सान," ते म्हणाले, "तुम्ही यायच्या आधी क्लबमध्ये आम्ही चार जण उरलो होतो. दोघं तर झोपायचे. या वर्षी बंद करायचं ठरलंच होतं."

मी भाषांतर करायची थांबले.

"मग खोली गेली. लोकांना कळलं. एकेक जण परत आला. काहींना तर हार्मोनिका येतही नाही. आता मंगळवारी माझ्या घरी मीटिंग असते. गुरुवारी पण."

"मीटिंग कसली?" जाधवनं विचारलं. आयुष्यभर बंडखोरांचा हेतू शोधणारा हा माणूस, तोंड उघडं ठेवून उभा होता.

इशिई-सान खाली बघत राहिले. विणलेल्या टोपीच्या आजी पुढे आल्या, खोक्यातला एक पेढा उचलला, शांतपणे खाल्ला, आणि बापटांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या,

"पुढच्या रविवारी तुम्ही याच हं नक्की. आमची सगळी तयारी झाली आहे."