साडभाऊचा एक फोटो पाह्यजे होता

बदला घ्यावा तं माझ्यावानी. अख्ख्या चंद्रपुरात असा डूख धरनारा दुसरा भेटनार नाई. आता ज्याच्यावर मी डूख धरतो तो मानूस जाड होत जाते अन् मी वाळत जातो, ते सोडा.

माझा डूख होता साडभाऊवर, म्हंजे बायकोच्या मोठ्या बहिनीच्या नवऱ्यावर. तो शिकलेला, नागपुरात हापिसात बाबू, गळ्यात कायम कॅमेरा. मी शाळा बाहेरूनच पाह्यली. एका सेठची जीप चालवो.

झालं असं का ताडोब्याकडं एका गावी आमी सारे पाहुने गेलो होतो. झुडपातून काईतरी काळं फुसफुसत निघालं. मी "अस्वल! अस्वल!" बोंबललो अन् उभ्या बैलबंडीवर चढलो. दोन्ही हात वर, तोंड उघडं. निघालं म्हशीचं वगार. साडभाऊनं तेवढ्यात फोटो काढला. काढला तं काढला, मोठा करून, काच लावून सासऱ्याच्या घरी बैठकीत टांगला. देवाच्या बाजूले! चहाले कोनी सोयरा आला का आधी देवाले हात जोडे, मंग मले पाहून हासे.

सासूबाईले म्हटलं, "बाई, तो फोटो काढून टाका ना."

"काऊन? एवढा मोठा फोटो आमच्या घरी दुसरा कोनाचा आहे?"

तवा मनात ठरवलं. माझा फोटो उतरत नाई ना? मंग त्याच्या बाजूले साडभाऊचा लागन. तसाच, बोंबलतानाचा. वर्सभर जेवतानाबी मले तेच दिसे. पोळी तोडली का वाटे, साडभाऊचीच मान तोडून राह्यलो.

पुढच्या साली मोहफूल पडाच्या दिवसात साडभाऊ आला. म्हने, "आलापल्लीच्या जंगलातून सिरोंच्यापावतर जाऊ. जंगलाचे, नदीचे फोटो काढतो. जीप तुझी." मी एवढ्या लवकर हो म्हटलं का बायकोले शंका आली.

"तुमच्या मनात काय शिजून राह्यलं?"

"काई नाई. निसर्ग."

चौकातल्या स्टुडिओवाल्याले हातापाया पडून एक डब्बा कॅमेरा मागून आनला. बारा फोटोचा रोल. निघालो चौघं जन, आमी दोघं साडभाऊ अन् दोघी बहिनी.

रस्त्यानं याचं एकच, "थांबव रे, सीनरी आहे!" जे सागाचे झाडं मी रोज पायतो त्याले हा सीनरी म्हने. यानं जीपमधून कॅमेरा डोळ्याले लावला का मी हळूच क्लच सोडो. जीप मारे उडी.

"हालली काऊन रे?"

"रस्ता खराब आहे, भाऊजी."

"उभ्या जीपले रस्ता कुठून लागला?" माझी बायको मांगून बोलली. घरचेच असे.

आलापल्लीच्या पुढं सकाळी सकाळी एका मोहाखाली रानडुकरीन अन् तिचे पिल्लं फुलं खाऊन राह्यले होते. साडभाऊ उतरला. "कोनी हालू नका, हा फोटो स्पर्धेत नंबरात येईल." गेला वाकत वाकत, पार जवळ. डुकरिनीनं मान वर केली, घुर्र केलं अन् सुटली. साडभाऊ पलटला तो सरळ जीपच्या बोनेटवर! चष्मा इकडं, एक जोडा तिकडं, दोन्ही हात वर, तोंड उघडं. "आई वो! हॉर्न वाजव रे!"

मी जीपच्या बाहेर उभा होतो. वगाराले भेनारा मी, डुकरीन धा पावलावर, पन त्या दिवशी भेव कुठी गेलं काय मालूम. एक फोटो काढला. रोल सरकवाले कॅमेऱ्याची चावी फिरवली. दुसरा काढला.

"हॉर्न वाजव ना बे!"

"हालू नका, भाऊजी. नंबरात येईल."

तिसरा काढला. मले लग्नातबी एवढा आनंद नोता झाला. शेवटी बायकोनंच पुढं वाकून हॉर्न दाबला, तवा डुकरीन गेली. दिवसभर बायको माझ्यासंग बोलली नाई. मी कायले फिकीर करतो? सिरोंच्याले उरलेले नऊ फोटो गोदावरीवर उडवून टाकले, रोल लवकर धुवाले गेला पाह्यजे म्हून.

स्टुडिओवाल्यानं फोटो हातात देले अन् माझ्याकडं पायतच राह्यला.

"भाऊ, काचीवर काय लावलं होतं?"

"कुंकू. मशीन हाती आली का पयले टिळा लावाव लागते ना? जीपले लावला, पंख्याले लावला..."

"अबे, मंग डब्ब्यावर लावाचा!"

"मले वाटलं समोरची गोल काच म्हंजे त्याचं कपाळ."

बाराही फोटोत धुकं. नदी धुकं, डुकरीन धुकं. एकात तेवढं बोनेट दिसे अन् त्याच्यावर हात वर केलेला एक मानूस. म्हटलं, बस, हाच मोठा कर. तो म्हने, "धुकंच मोठं होईल." तरी केला, काच लावली, बायकोसंग सासऱ्याच्या घरी घेऊन गेलो. खिळा संगं नेला.

साडभाऊ तिथीच चहा पेत बसला होता. सासूबाईनं फोटो दारात उजेडाले धरला.

"हे कोन?"

"बाई, तुमचे मोठे जवाई! डुकरिनीले भेऊन चढले!"

साडभाऊनं बशीतून वर पाह्यलंबी नाई. "अरे, पुन्हा चढला काय तू?"

मी बायकोकडं वळलो. "तू होती ना तिथी. सांग ना."

"मी हॉर्न वाजवून राह्यली होती," ती बोलली. "मले काई दिसलं नाई."

सासूबाईनं भिंतीवरचा फोटो पाह्यला, हातातला पाह्यला, अन् माझ्या हातात परत देला.

"उगा त्याच्यावर लोटू नका, जवाई. असा बोंबलत चढनारा आमच्या घरी एकच आहे. तुमचा एक फोटो होता तेवढा पुरे होता, दुसरा कायले आनला?"