दहा बोटांचा रिपोर्ट

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता विसरलो. पण एका पोरीच्या अंगठ्याची ती घटना डोक्यातून जात नाही, आणि आठवली की आजही आधी चीडच येते.

तेव्हा मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दहावीचा निकाल नुकताच लागला होता. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी वाचत बसलो होतो, तेवढ्यात अल्लीपूरकडचं एक जोडपं आलं. भेंडी-वांगी पिकवून बाजारात आणणारी माणसं. त्यांची सोळा वर्षांची मुलगी सकाळपासून घरात नव्हती. मुलगी अल्पवयीन असली की अपहरणाचा गुन्हा नोंदवावाच लागतो. मी ठाणे अंमलदाराला बोलावलं आणि मुलीचा फोटो मागितला. बापानं पिशवीतून तीस पानांची रंगीत वही काढून माझ्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"पोरीचा रिपोर्ट हाय साहेब. शाळेत मशीन आलती. दाही बोटं ठेवले का पोरगं पुढं काय बनन ते सांगते. हिले सायन्स जमत नाई म्हून लिहून हाय. मी म्हणलं आर्ट्सचा फॉर्म भर. तं काल जेवली नाई, अन् आज गायब."

"अहो, पोरगी हरवली आहे तुमची. फोटो द्या."

"देतो ना. पन तुम्ही हे पाहा तरी."

पाहिलं. विज्ञानापुढे बुटकी लाल पट्टी, शिवणकामापुढे लांब हिरवी. वर शिक्का, 'गोपनीय, इतरांना दाखवू नये'. दहावीत विज्ञानात किती गुण होते, असं विचारलं. आई हळूच म्हणाली, "शाळेत दुसरी आलती विज्ञानात."

"मार्क तं घोकून बी भेटते," बाप म्हणाला. "हे मशीननं सांगतलं."

ज्या मास्तरांनी पोरीला वर्षानुवर्षं शिकवलं, त्यांच्या गुणपत्रिकेला किंमत नाही आणि पाच मिनिटं बोटं ठेवून घेणाऱ्या डबीला आहे. मी काहीतरी जोरात बोलणार होतो, पण त्याआधी वहीचं शेवटचं पान उलटलं. तिथं जाहिरात होती, आणि जाहिरातीत माझाच फोटो. आधीच्या नेमणुकीत पोलीस वसाहतीतल्या मुलांसाठी याच मशीनवाल्या इसमानं शिबिर घेतलं होतं, नारळ मी फोडला होता.

"तुमचा फोटो पाहूनच तं भरोसा ठेवला साहेब," बाप म्हणाला.

हवालदाराला बसस्थानकावर पिटाळलं. तासाभरात खबर आली. एका वाहकानं सांगितलं की पाठीवर दप्तर घेतलेली अशी एक पोरगी समुद्रपूरला उतरली, आणि तिथल्या शाळेत बोटांची टेस्ट कुठं आहे ते विचारत होती. जाहिरातीतही पुढचं शिबिर समुद्रपूरचंच होतं. आईबापाला जीपमध्ये घातलं आणि निघालो.

शाळेच्या सभागृहात रांग होती. कोट घातलेला तो इसम टेबलामागे लॅपटॉप आणि मशीन घेऊन बसला होता. आमची पोरगी रांगेत सातवी. आईचा जीव भांड्यात पडला. बाप मात्र सरळ ओरडायला लागला.

"इथं काय करून राह्यली तू? काऊन पळाली?"

"पळाली नाई मी," पोरगी म्हणाली. मग माझ्या वर्दीकडे पाहून मलाच सांगायला लागली. "साहेब, मी मावसबहिणीच्या नावानं पुन्हा बोटं देऊन राह्यली. बोटं तेच, तं रिपोर्ट बी तोच आला पाह्यजे ना? आला तं मी बाबाचं ऐकीन. आर्ट्सले जाईन."

मी कपाळाला हात लावला. जिला विज्ञान जमत नाही असं तीस पानांत छापलंय, ती पोरगी एसटीनं समुद्रपूरला येऊन प्रयोग करत होती. मोठ्या माणसांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी म्हटलं, दे बोटं.

दिली. मशीननं घेतली नाहीत. दोनदा, तीनदा. कोटवाला हसून म्हणाला, "हात धुऊन ये बेटा, नंतर बघू." आणि आई सहज बोलून गेली, "तिथं राशनच्या दुकानात बी हिचा अंगठा लागत नाई साहेब. आधारले बी तीन चकरा झाल्या. लहानपणापासून भेंडी तोडते, घासून गेले बोटं. आमच्याकडच्या सगळ्याच पोरांचं असंच हाय."

मी पोरीलाच विचारलं, मग मागच्या वेळी ठसे कसे लागले?

"तेव्हा बी लाल लाइटच लागत होता," पोरगी म्हणाली. "सर म्हणले, झालं, जा."

लॅपटॉप आणि मशीन पंचांसमक्ष ताब्यात घेतलं आणि कोटवाल्याला ठाण्यात आणलं. खुर्ची दिली, चहा दिला. असल्या माणसाला दम देऊन उपयोग नसतो, त्याला बोलू द्यावं लागतं. तो बोललाच. मेंदूच्या पेशी, बोटांवरच्या रेषा, परदेशातली प्रमाणपत्रं, आणि वर, "सर, आपला तर जुना परिचय आहे." मी म्हटलं, परिचय राहू द्या, या पोरीची फाइल उघडा.

ठशांशी माझा बराच संबंध आला होता. कित्येक आरोपींच्या दहा बोटांच्या पत्रिका मी स्वतः भरल्या होत्या. फाइलीतल्या ठशात उजव्या अंगठ्याच्या भोवऱ्यावर एक तिरका व्रण होता. पोरीच्या अंगठ्यावर व्रण नव्हता. दुसऱ्या मुलाची फाइल उघडायला लावली, तोच व्रण. तिसऱ्याची, तोच. मी शाईचा पॅड पुढे सरकवला आणि म्हटलं, आता तुमचा अंगठा द्या. तो पाणी मागायला लागला.

"मशीन पकडतच नव्हती सर. शेतावरच्या पोरांची बोटं येतच नाहीत. मागे शंभर पोरांची रांग. मी माझी ठेवायचो."

"आणि रिपोर्ट?"

त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. बोटं एकाची, म्हणून त्या सगळ्या पोरांचे रिपोर्टही एकच. लाल पट्टी तीच, शिवणकामही तेच, मुलांच्या वहीत फक्त शिवणकामाच्या जागी मोटार दुरुस्ती. गोपनीय शिक्क्यामुळे कोणी शेजाऱ्याचा पाहिला नाही. ज्यांची बोटं कामानं घासली, त्या सगळ्यांना विज्ञान जमत नाही. माझा इतका संताप झाला की मी उठून व्हरांड्यात गेलो.

फिर्याद द्यायला बाप तयार नव्हता, लोक हसतील म्हणाला. आई पुढं आली. तिनं जबाबावर अंगठा उठवला, तोही पुसटच उठला. ठसे तज्ज्ञांकडे पाठवले, त्यांचा अहवाल नंतर आला, पण काम खरं आईच्या एका वाक्यानं झालं होतं.

अकरावीच्या फॉर्मची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. चार वाजले होते. मी बापाला सगळं समजावलं, व्रण दाखवला. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "बरं, मशीन खोटी. मंग आता तुम्हीच सांगा साहेब, हिले सायन्स जमन का नाई?"

"अहो, मी काय मशीन आहे का?" माझा आवाज चढला.

"बाबा," पोरगी म्हणाली, "मले इचारा ना."

तो तिच्याकडे वळला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग त्यानं विचारलं, अगदी अवघडून, आणि ती म्हणाली, "जमन का नाई ते मले बी माहीत नाई. पन मले शिकाचं हाय." जीपनं त्यांना कॉलेजात सोडलं. फॉर्म गेला.

पुढं एका समुपदेशक बाईंना मी हा प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, खऱ्या चाचण्या असतात, त्यात मूल बसून प्रश्न सोडवतं, त्याची आवड विचारतात, तासन्‌तास जातात, आणि एवढं करूनही फक्त कल कळतो. कोणाचं दार बंद करायला त्या नसतात. बोटावरून तर यातलं काहीच कळत नाही. हे मला कळायला हवं होतं. ठशावरून मी नोकरीभर एकच गोष्ट शोधली, माणूस कोण. तो पुढं काय होणार, हे मला एकाही ठशानं सांगितलं नव्हतं. तरी मी नारळ फोडला.

नारळच नाही. वसाहतीच्या शिबिरात माझ्या मुलाचीही बोटं होती. त्याची मशीननं पहिल्या झटक्यात घेतली. ठसा खरा, त्याचाच. रिपोर्टात इंजिनिअर आलं आणि मी ते पान फ्रेम करून बैठकीत लावलं. पोरीचं प्रकरण घडलं तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या गणितात दुसऱ्यांदा अडकला होता, आणि मी रोज फोनवर त्यालाच आळशी म्हणत होतो.

दिवाळीच्या आधी ती पोरगी ठाण्यात आली, भेंडीची पिशवी घेऊन. फिजिक्सच्या घटक चाचणीत नापास झाले म्हणाली. मला वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसलं असावं.

"तसं नका पाहू साहेब," ती म्हणाली. "नापास झाली, पन मीच झाली, मशीननं नाई केलं. पुढच्या वेळी पाहू."

त्या संध्याकाळी फ्रेम उतरवली आणि मुलाला फोन लावला. तुला काय करायचंय, असं विचारलं.  तो म्हणाला, "बाबा, हे तुम्ही मला आज पहिल्यांदा विचारताय."