वरची भीमाबाई, खालची भीमाबाई

सोमवारी सकाळी अकराच्या उन्हात, घराच्या स्लॅबवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या अनिकेत उबाळेला समजलं, की वाडीतली मेलेली भीमाबाई उद्या तपासणीला येणार आहे. तिने तसं कळवलं होतं. आणि आजच नाही, गेले अठरा सोमवार ती न चुकता कळवत होती.

अनिकेत वैशाखऱ्याजवळच्या वाडीतला. ठाण्याच्या एका कंपनीत ज्युनियर सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणून लागला त्याला आठ महिने झाले होते, कायम व्हायला अजून चार बाकी होते. आठवड्याचे दोन दिवस ऑफिसात, बाकीचे स्लॅबवर, कारण नेटवर्क तिथेच धरायचं. वाडीला त्याचं भारी कौतुक. कोणाचा मोबाइल पडला, टीव्ही बंद झाला, की लोक त्याच्याकडे येत. आपलं काम ते नाही हे त्याने सुरुवातीला समजावून पाहिलं, मग नाद सोडला. खरं काम कोणाला सांगणार? धाकट्या सुनेचं आणि ऑफिसातल्या ज्युनियरचं नशीब एकच, जे कोणाला नको ते त्याच्या पदरात.

त्या आठवड्यात पदरात पडलं होतं ते असं. कंपनीचं सॉफ्टवेअर मुरबाडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यासाठी साखरेच्या रोग्यांना दर सोमवारी दहा वाजता फोन लावायचं. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज रोग्याला नावाने हाक मारून सांगायचा, उद्या तपासणीला या, येणार असाल तर एक दाबा. काही लोक एक दाबतात आणि येत नाहीत, ते का, हे अनिकेतने शोधायचं होतं. यादीत पहिलंच नाव भीमाबाई रामा उबाळे. अठरा वेळा ‘येणार’. आली शून्य वेळा.

भीमाबाई होळीनंतर गेली होती. तिच्या पुण्यानुमोदनाला सतरंज्या अनिकेतनेच अंथरल्या होत्या, फोटोसमोरची मेणबत्ती वाऱ्याने विझत होती ती त्यानेच दोनदा लावली होती. भर उन्हात त्याच्या अंगावर काटा आला. खाली खळ्यात भात झोडणं चाललं होतं, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता, तोच काय तो धीर.

शिकलेला मुलगा, भुताखेतावर विश्वास नाही. त्याने नोंद उघडून पाहिली. भीमाबाई गेल्यावर दवाखान्याने तिचे फोन बंद केले होते, अगदी रीतसर. मग जुलैत ते पुन्हा सुरू झाले होते. जुलैत दवाखान्याच्या यादीतली दुबार नावं एकत्र करणारा कोड चालवला गेला होता. कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली, कोणत्या तारखेला, हे बाजूला दिसतं. कोणत्या शहाण्याने हे करून ठेवलंय म्हणून त्याने पाहिलं. बाजूला नाव होतं अनिकेत उबाळे.

मग ती मीटिंग आठवली. त्याचे वरिष्ठ जीवनसर म्हणाले होते की नाव, नवऱ्याचं नाव, गाव आणि जन्मतारीख, चारही जुळलं की माणूस एकच. जुन्या नोंदीतला फोन ठेव, बाकीचं नव्या नोंदीतलं. अनिकेतच्या जिभेवर शब्द आले होते. त्याच्या वाडीत दोन भीमाबाई होत्या. त्या पिढीत घरोघर भीमा आणि रामा हीच नावं, त्यात भावकी एक म्हणून आडनाव एक, आणि दोघींच्या नवऱ्यांचं नाव रामाच. जन्मतारीख तर विचारायलाच नको. आधार कार्ड काढायच्या शिबिरात म्हाताऱ्यांना वय अदमासे विचारलं आणि सगळ्यांना एक जानेवारी लावून टाकली, दोघींचं सालही एकच पडलं. नवीन वर्षाच्या दिवशी अर्ध्या वाडीचा वाढदिवस असतो, अशी थट्टा तो लहानपणापासून ऐकत आला होता. माणसं त्यांना वरची भीमाबाई आणि खालची भीमाबाई म्हणत. कोडला वरचं-खालचं ठाऊक नव्हतं, पण अनिकेतला ठाऊक होतं. नोकरीला तीनच महिने झाले होते, समोर सगळे भराभर इंग्रजीत बोलत होते, आणि तो मूग गिळून बसला.

कोडने दोघींची एक नोंद केली होती आणि फोन वरच्या घरचा ठेवला होता. वरची गेली होती. म्हणजे अठरा आठवडे खालचीला फोन नव्हता.

तो तसाच उतारावरून धावत सुटला. खालची भीमाबाई ओटीवर बसली होती, उजव्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. वास दारातूनच आला. दवाखान्यात का जात नाहीस, असं त्याने विचारलं.

“फोन यायचा बंद झाला ना रे,” ती समाधानाने म्हणाली. “मी समजले, आता बरी झाले. गोळ्यापण सोडल्या.”

त्याने रिक्षा बोलावली, तिच्या सुनेला सोबत घेतलं आणि म्हातारीला मुरबाडला नेलं. दोन बोटं काढावी लागली. आणखी आठ दिवस गेले असते तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. सून त्याच्या पाया पडायला वाकली, देवासारखा धावलास म्हणाली. त्या शब्दांनी त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

जीवनसरांना त्याने फोनवर सगळं सांगितलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. दुरुस्त कर, अहवालात डेटाची चूक एवढंच लिही, तुला अजून कायम व्हायचंय, असं म्हणाले. अनिकेतने अख्ख्या तालुक्यातल्या अशा एकेचाळीस जोड्या शोधून सोडवल्या, दवाखान्याला घरोघर फोन करायला लावले आणि अहवालात लिहिलं, की हे मला आधीच माहीत होतं आणि मी बोललो नाही. नोकरी राहील की जाईल, अजून कोणी काही सांगितलेलं नाही.

राहिला एक प्रश्न. अठरा सोमवार एक दाबत कोण होतं? तसं पाहिलं तर त्याचं उत्तरही अनिकेतला माहीत होतं, फक्त वरच्या घरी जायची छाती होत नव्हती.

पुढच्या सोमवारी पावणेदहाला त्याने स्लॅबवरून पाहिलं. वरच्या भीमाबाईचा नवरा रामाबाबा, पंचाहत्तरीचा माणूस, हातपाय धुऊन अंगणात बसला होता. मांडीवर बटणांचा फोन. दहा वाजले. सव्वादहा झाले. म्हातारा फोन कानाला लावून पाहत होता, उन्हात धरून पाहत होता. साडेदहाला तो काठी टेकत अनिकेतच्या दारात आला.

“बघ रे, बिघडला वाटतं.”

अनिकेतने फोन हातात घेतला. चार्जिंग पूर्ण होतं, रेंज होती. काहीतरी खोटं सांगून वेळ मारून नेता आली असती. त्याने म्हाताऱ्याला बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोन भीमाबाया, मीटिंग, आपली ओळ, खालचीचा पाय.

“बाबा, ती नाय हे तुमाला ठाऊक होतं. मग एक का दाबत होता?”

“ती होती तवा मीच दाबायचो. तिला आकडे कुठं येत होते?” म्हातारा बोटं चोळत राहिला. “गेल्यावर घरात तिचं नाव कोणी घेत नव्हतं रे. ना सून, ना पोरगा. ती फोनातली बाई आठवड्याला एकदा भीमाबाई म्हणायची. तिला नाय कसं म्हणू?”

अनिकेतला रडू आलं, ते त्याने लपवलं नाही. रामाबाबा उठला. दारात थांबून त्याने विचारलं, “आता फोन खालच्या भीमीला येतो?”

“येतो.”

“तिला तरी आकडे कुठं कळतात,” असं म्हणून तो गेला.

त्यानंतरच्या सोमवारी अनिकेत स्लॅबवर काम करत होता. पावणेदहाला रामाबाबा धुतलेला सदरा घालून उतारावरून खाली निघालेला दिसला, काठी जपून टेकत. तो खालच्या ओटीवर पोचला, भीमाबाईच्या पट्टी बांधलेल्या पायापाशी बसला, आणि तिचा फोन दोघांच्या मध्ये ठेवला. दहाला फोन वाजला. एवढ्या लांबून शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी अनिकेतला ते नाव स्वच्छ ऐकू आलं. म्हाताऱ्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि मग एक दाबला.