फ्लँज आणि हमीपत्र

बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमधील न्हाणीघरात नव्या फरशा बसल्या आणि जमीन दोन बोटे वर आली. मैलापाण्याच्या पाइपवरील फ्लँज, म्हणजे ज्यावर कमोड बसतो ते कडे, मात्र खालीच राहिला. मिस्त्री ती पोकळी सिमेंटने भरू लागला. नेमके त्याखाली शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर आहे. माझ्या संतापाला सीमा राहिली नाही.

"दादा, तीस वर्षे असेच करतो. थेंब गळणार नाही."

"मग तसे लेखी द्या."

मी तिथेच, त्याला वाचता यावे म्हणून हिंदीत, मिस्त्रीच्या नावाने हमीपत्र लिहिले, दोन प्रतींत: गळती झाल्यास सर्वस्वी जबाबदार मीच.

"आता कमोडवर बसायलाही अर्ज करायचा का?" पत्नीने दारातून विचारले.

मिस्त्रीने मजकूर दोनदा वाचला.

"तोंडी चालणार नाही?"

"नाही."

त्याने पेन खाली ठेवले, छिन्नी उचलली आणि ओले सिमेंट खरवडून काढले. पाइपला जोड देऊन त्याने फ्लँज फरशीच्या वर आणला व स्क्रूने आवळला.

कमोड बसल्यावर मी त्याला पाच वेळा पाणी सोडायला सांगितले आणि स्वतः शेजाऱ्यांच्या ओट्यापाशी मान वर करून उभा राहिलो. छत कोरडे होते.